आउटबोर्ड इंजिन रात्रीतून खाली बसतं. ट्रिम-टिल्टचं तेल जातं कुठे?

वैनगंगाकाठचा | १२ मे, रात्री १०:२०

राम राम मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण नागपुरात विचारायला दुसरं कोणी सापडलं नाही.

आम्ही तिघे मित्र एका धरणाच्या जलाशयात पिंजऱ्यातलं मत्स्यपालन करतो. खाद्य न्यायला १८ फुटी फायबरची बोट आहे. तिला ६० एचपीचं जुनं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) लावलंय, कोकणातून सेकंडहँड आणलेलं. पावसाळ्याआधी डागडुजी करावी म्हणून बोट ट्रेलरवर घालून घरी, मानेवाड्याला आणली आहे.

दुखणं असं: संध्याकाळी बटण दाबून इंजिन पूर्ण वर घेतलं (तेलाच्या दाबाने इंजिन वर-खाली करणारं हे युनिट म्हणजेच ट्रिम-टिल्ट). सकाळी पाहतो तर पंखा चांगला वीतभर खाली आलेला. फरशीवर लाल तेलाचे रुपयाएवढे दोन डाग. बटण दाबलं की परत वर जातं, पण शेवटी-शेवटी कण्हल्यासारखा आवाज करतं.

मागच्या आठवड्यात एका मेकॅनिकने तेल टॉप-अप करून दिलं होतं. त्यालाच परत बोलावलं, तर पाहिल्या पाहिल्या म्हणाला, "सगळे सील गेले, युनिटच बदला." नव्या युनिटचा भाव ऐकून आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहत बसलो.

गळती आहे हे तर दिसतंच. पण ती कोणत्या सीलमधून, हे युनिट न खोलता कळायचा काही मार्ग आहे का?

तर्रीबाज | १२ मे, रात्री १०:३१

मानेवाड्यात बोट? काहून भाऊ, नाग नदीतून ऑफिसला जाता का?

गल्ली नंबर चार | १२ मे, रात्री १०:४४

हसू नको बे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या घरात फ्रिज तरंगत होता. त्या पहाटे कोणी बोट घेऊन आलं असतं तर मी त्याच्या इंजिनाची पूजा केली असती. आउटबोर्डातलं मला शून्य कळते, पण धागा वाचून राहिलो.

जेसीबीवाले काका | १२ मे, रात्री ११:०५

मी बोटीवाला नाही, पण २२ वर्षं हायड्रॉलिकमध्ये घातली. ट्रॅक्टरची लिफ्ट रात्री वर ठेवली अन् सकाळी नांगर जमिनीला टेकलेला, ही तक्रार गावोगावी असते. तुमचं इंजिन म्हणजे तोच नांगर. मोटर, गिअर पंप, टाकी, व्हॉल्व्ह आणि रॅम (तेलाच्या दाबाने दांडा बाहेर ढकलणारा सिलिंडर), बाकी काय असणार त्यात? सील किट आणा, सगळ्या ओ-रिंगा (तेल अडवणाऱ्या गोल रबरी कड्या) बदला, विषय खतम. हिंगणा एमआयडीसीत सगळं भेटते. नवं युनिट घेऊ नका.

चिखलातला बगळा | १२ मे, रात्री ११:१९

काका, बरोबर, पण ट्रिम म्हणजे काय अन् टिल्ट म्हणजे काय? मला दोन्ही एकच वाटत होतं.

बंदरावरचा बाबल | १३ मे, सकाळी ६:५०

मालवणाहून लिहितोय. आधी बगळ्याला उत्तर. चालत्या बोटीत इंजिनाचा कोन थोडा-थोडा बदलून नाक वर-खाली करणं म्हणजे ट्रिम. साधारण पहिल्या वीस अंशांचा खेळ. त्याच्या वर, पंखा पाण्याबाहेर काढेपर्यंतचा प्रवास म्हणजे टिल्ट. बऱ्याच इंजिनांत बाजूला दोन आखूड रॅम ट्रिमसाठी आणि मधला एक लांब रॅम टिल्टसाठी असतो. आखूड रॅम इंजिनाला नुसते खालून ढकलतात, जोडलेले नसतात. इंजिन पूर्ण वर गेलं की सगळा भार एकट्या मधल्या रॅमवर.

आता वैनगंगाकाठचे. "सगळे सील गेले" असं पाहिल्या पाहिल्या सांगणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारायचा, की इंजिन बसतंय तेवढं तेल बाहेर आलंय का? बाहेरची गळती आणि आतली गळती हे दोन वेगळे आजार. आमच्याकडे निम्मे लोक रॅमच्या तोंडाशी ओलं दिसलं की तोंडाचा सील बदलतात, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन परत खाली बसलेलं असतं. मग शिव्या सीलला.

कारण साधं आहे. इंजिनाचं वजन रॅमचा दांडा आत ढकलतं. म्हणजे ते वजन पिस्टनच्या खालच्या तेलावर. दांडा जिथून बाहेर येतो तो तोंडाचा सील पिस्टनच्या वरच्या बाजूला. इंजिन वर उभं असताना त्या बाजूला दाब जवळजवळ नसतोच. तो सील कितीही पाझरला तरी त्याच्यामुळे इंजिन बसायचं नाही.

खोलण्याआधी एवढं कर: इंजिन पूर्ण वर घे, सिलिंडरच्या तोंडाला लागून दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळ. सकाळी टेप वर राहिली आहे की सिलिंडरच्या तोंडावर दुमडली आहे ते दिसेलच, आणि किती मिलिमीटर ते पट्टीने मोज. पंख्याकडे बघून "वीतभर" सांगू नकोस म्हाराजा, पंखा बिजागरीपासून दूर असल्यामुळे तिथे चार-पाच पट दिसतं.

आणि एक, इंजिन वर असताना खाली डोकं घालायचं नाही. टिल्टचा आधार-दांडा लाव, शिवाय लाकडी ठोकळा किंवा वरून पट्टा. तेल सुटलं की ते वजन कोणाला ओळखत नाही.

जेसीबीवाले काका | १३ मे, सकाळी ८:१२

मालवणकर बरोबर बोलून राहिले. मीच घाई केली. नांगराच्या लिफ्टलाही हेच लागू आहे, रॅम ओला असणं वेगळं आणि बसणं वेगळं. वय झालं, दुसरं काय.

तर्रीबाज | १३ मे, सकाळी ८:२०

काकांनी माघार घेतली! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कोणी.

वैनगंगाकाठचा | १४ मे, सकाळी ७:०५

मोजलं. टेप लावून काल रात्री नऊला उभं केलं, सकाळी सहाला दांडा ४० मिमी आत. पंखा साधारण २० सेंमी खाली. खाली पांढरा चार्ट पेपर अंथरला होता, त्यावर पाच थेंब.

फिजिक्सच्या बाई | १४ मे, दुपारी १:४०

शाळेला सुट्टी आहे म्हणून वाचतेय. बोटीतलं मला कळत नाही, पण गणित करून पाहू या. तुमच्या मधल्या सिलिंडरचा आतला व्यास किती असेल? ४ सेंमी धरू. म्हणजे काटछेद साधारण १२.५ चौ. सेंमी. दांडा ४ सेंमी आत गेला तर पिस्टनखालून ५० मिली तेल कुठेतरी गेलं. अर्धा चहाचा कप!

तुमच्या कागदावर पाच थेंब आहेत. पाच थेंब म्हणजे पाव मिलीच्या आसपास. उरलेलं तेल बाहेर आलेलंच नाही. ते आतल्या आत टाकीत परत गेलंय. बाबल म्हणाले ते आकड्यांतही तसंच दिसतंय.

गल्ली नंबर चार | १४ मे, दुपारी २:०२

बाई, तुम्ही आम्हाला दहावीला असत्या तर मी आज इथे नसतो.

फिजिक्सच्या बाई | १४ मे, दुपारी २:१०

कदाचित मी होतेही. पुढे बोला.

बंदरावरचा बाबल | १४ मे, संध्याकाळी ७:३०

झकास. म्हणजे आतली गळती. आता संशयित क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे.

पहिला, हाताने सोडायचा स्क्रू. बॅटरी गेली तर इंजिन हाताने वर-खाली करता यावं म्हणून ब्रॅकेटच्या कडेला एका भोकातून दिसणारा मोठ्या खाचेचा स्क्रू असतो. तो सैल केला की इंजिन वर धरणारं तेल सरळ टाकीत. तो अर्धवट सैल राहिला असेल, किंवा त्याच्यावरची ओ-रिंग कापली असेल, तर नेमकं तुझंच लक्षण: मोटर चालली की वर जातं, सोडलं की हळूहळू बसतं. युनिट न काढता तपासता येणारी ही एकमेव जागा.

दुसरा, चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारा. गोळीखाली कचरा अडकला की पूर्ण बंद होत नाही. कधी इंजिन दहा-बारा वेळा पूर्ण वर-खाली केल्यावर कचरा वाहून जातो, कधी नाही.

तिसरा, मधल्या रॅमचा पिस्टन. त्याची ओ-रिंग, आणि पिस्टनमध्येच बसवलेले धक्क्याचे छोटे व्हॉल्व्ह. खाली लाकूड आदळलं तर इंजिन झटक्यात वर उडावं, दांडा तुटू नये म्हणून ते असतात. तिथे पोहोचायचं तर सिलिंडरचं झाकण दोन पिनांच्या पान्याने उघडावं लागतं, आणि ते गंजलेलं असलं की पाना मोडतो. माझे दोन मोडलेत.

आता उलट तपासणी. पाण्यात रिव्हर्स मारताना इंजिन आपोआप वर उचलतं का? तसं असेल तर खाली धरून ठेवणारी बाजू गेलीय, म्हणजे वेगळा व्हॉल्व्ह. नसेल तर वरचेच तीन.

खाडीपार | १४ मे, रात्री ९:१५

माझ्या इंजिनाची मोटरच फिरत नाही. बटण दाबलं की नुसतं "टक" होतं. हाच धागा वापरू का?

बंदरावरचा बाबल | १४ मे, रात्री ९:४०

टक म्हणजे रिले उठतोय, पुढे करंट जात नाही किंवा मोटरचे ब्रश गेले. मोटरकडे दोन वायरी जातात, यामाहात आसमानी वर न्यायची, पोपटी खाली. त्यांच्यावर बटण दाबून व्होल्ट मोज. तिथे १२ येत असतील तर मोटर काढ, नाहीतर मागे सरक. अर्थिंग आधी घासून घे, खाऱ्या पाण्यात दहातले सात तिथेच सापडतात. आणि मोटर जोरात किंचाळत फिरते पण इंजिन हलत नाही, असं असेल तर तेल नाही, किंवा तो स्क्रू उघडा, किंवा मोटर-पंपामधला कपलर तुटलाय. पण नवीन धागा काढ बाबा, इथे माणसाचं इंजिन टांगलंय.

अनुभवाने शहाणा | १४ मे, रात्री १०:३०

तेलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी तेल कमी वाटलं, घरात ब्रेक ऑइलची बाटली होती, ओतलं. "हायड्रॉलिकच आहे ना" असा विचार. महिन्याभरात आतली प्रत्येक नायट्रिल रबरची ओ-रिंग भिजवलेल्या मनुकेसारखी फुगली. पंप जाम झाला. जेवढ्यात काम झालं त्यात दुसऱ्या हाताची बोट आली असती. ब्रेक ऑइल कधीच नाही.

जेसीबीवाले काका | १४ मे, रात्री १०:४८

अरे देवा. ग्लायकॉलचं ते, त्याला नायट्रिल चालतच नाही. यात बहुतेक एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, चालते ना? लाल दिसून राहिलं म्हणजे तेच. अडीअडचणीला ट्रॅक्टरचं ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल टाकलं तर?

बंदरावरचा बाबल | १४ मे, रात्री ११:०२

बऱ्याच जपानी इंजिनांना डेक्सरॉन जातीचं एटीएफ चालतं, पण आधी पुस्तकात बघ. ६८ घातलं तर इंजिन मरणार नाही, पण ते घट्ट, छोट्या पंपाला जड. मी घालणार नाही.

जेसीबीवाले काका | १४ मे, रात्री ११:०९

मी घातलं असतं. मे महिन्यात नागपुरात ६८ पण पाण्यासारखं पातळ होते.

बंदरावरचा बाबल | १४ मे, रात्री ११:१५

आणि डिसेंबरात पहाटे पाच वाजता खाद्य टाकायला कोण जाणार, तुम्ही?

वैनगंगाकाठचा | १७ मे, रात्री ८:५०

अपडेट. तीन दिवस लागले कारण दुपारी अंगणात उभं राहणं अशक्य. काल पारा ४५ च्या वर होता, पाना हातात धरवत नव्हता. सगळं काम पहाटे पाच ते साडेसात.

आधी तेल पाहिलं. आमच्या पुस्तकात लिहिलंय की इंजिन पूर्ण वर घेऊन, आधार लावूनच बूच उघडायचं, आणि तेल भोकाच्या ओठापर्यंत हवं. भावाला फोन लावून विचारलं (टॉप-अपच्या दिवशी तोच घरी होता), तर मेकॅनिकने इंजिन खाली असताना बूच उघडून भरलं होतं. खाली असताना दांडे आत असतात, त्यांनी ढकललेलं तेल टाकीत, म्हणून टाकी भरलेली दिसली. वर घेतल्यावर पातळी कुठच्या कुठे. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून १२० मिली घालावं लागलं. कण्हणं बंद! पंप शेवटी-शेवटी हवा ओढत होता. चार-पाच वेळा वर-खाली करून, दहा मिनिटं थांबून परत थोडं भरलं.

तेल बाहेर काढून काचेच्या ग्लासात ठेवलं तर लाल नाही, गुलाबीसर. आईने विचारलं, रूह अफजा आहे का.

मग तो स्क्रू. इंजिनाला वरून आंब्याच्या फांदीला पट्टा बांधला, खाली ठोकळे, मगच हात लावला. स्क्रूची खाच कोणीतरी छोट्या पेचकसाने चावून ठेवलेली. बाहेर काढला तर दोन ओ-रिंग, वरची ठीक, खालची एका जागी नखाने खरवडल्यासारखी कापलेली, अगदी तांदळाच्या कणीएवढं. फोटो टाकतोय.

तर्रीबाज | १७ मे, रात्री ९:०१

एवढ्याशा कणीसाठी युनिट बदलत होते? राजेहो.

अनुभवाने शहाणा | १७ मे, रात्री ९:०८

गुलाबी म्हणजे पाणी गेलंय आत. ते तेल पूर्ण काढ, नवीन भर, वर-खाली कर, परत काढ. दोन-तीन वेळा. पाणी राहिलं तर आतून गंज.

बंदरावरचा बाबल | १७ मे, रात्री ९:३०

ओ-रिंग घेताना जुनी सोबत ने, व्हर्निअरने जाडी आणि आतला व्यास मोजून नायट्रिलचीच घे, नळाच्या वायसरवाल्याकडची नको. घालताना तेल लाव आणि आट्यांवरून जाताना परत कापली जाणार नाही याची काळजी घे, पहिलीही तशीच कापली असणार.

आणि पाणी कुठून गेलं ते शोध. बाहेरच्या पाच थेंबांचं अजून उत्तर मिळालेलं नाही. जिथून तेल बाहेर येतं तिथूनच पाणी आत जातं.

चिखलातला बगळा | १७ मे, रात्री ९:४४

ते शोधायचं कसं? सगळीकडेच तेलकट असेल ना.

जेसीबीवाले काका | १७ मे, रात्री १०:००

हे माझ्याकडे. डिझेलने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडं पुसून घ्यायचं, वाऱ्याने सुकवायचं. मग बाळाची टाल्कम पावडर पफने सगळीकडे मारायची: रॅमचं तोंड, बूच, मोटर-पंपाचा जोड, टाकीचा जोड, पायपांचे नट. इंजिन दहा वेळा वर-खाली करायचं. जिथून तेल येतं तिथे पावडरीवर लाल रेघ उमटते. डोळ्यांनी जे दिसते ते नेहमी खालचं असते, तेल वरून ओघळून येते. पावडर खोटं बोलत नाही. आणि नवी ओ-रिंग घातल्यावर इंजिन अजून बसते का ते पाहायला परत टेप लावा.

वैनगंगाकाठचा | २१ मे, सकाळी ७:४०

ओ-रिंग हिंगण्यातून मिळाली, दहा घेतल्या म्हणून दुकानदार खूश. तीनदा तेल बदलून आता स्वच्छ लाल. टेप लावली, नऊ तास: ५ मिमी. ४० वरून ५. तरी ५ का? अजून काहीतरी गळतंय?

आणि पावडर. मुलीची पावडर संपवली, घरात बोलणी खाल्ली. बूच कोरडं, मोटरचा जोड कोरडा. मधल्या दांड्याच्या तोंडाशी उजव्या बाजूला लाल अर्धचंद्र. दांडा नीट पुसून नख फिरवलं तर तोंडापासून चार बोटं वर गंजाचा खड्डा, नख अडकतं. तो भाग प्रत्येक वेळी सीलला घासत आत जातो.

बंदरावरचा बाबल | २१ मे, सकाळी ८:१५

हा खड्डा इंजिन कायम वर टांगून ठेवल्याचा. दांडा बाहेर, त्यावर शेवाळ-चिखल, मग क्रोम उडतो. ट्रेलरवर किंवा पावसाळ्यात बंद ठेवताना इंजिन खाली घेऊन दांडे आत ठेवत जा. नुसता तोंडाचा सील बदलू नकोस, खड्डा नवा सील दोन महिन्यांत खाईल. दांड्याला हार्ड क्रोमचा (कडक क्रोमचा) मुलामा करून घे, मग सील.

फिजिक्सच्या बाई | २१ मे, सकाळी ११:२०

५ मिमीबद्दल. तुम्ही टेप कधी लावली?

वैनगंगाकाठचा | २१ मे, सकाळी ११:२६

संध्याकाळी सातला. दिवसभर इंजिन उन्हातच होतं.

फिजिक्सच्या बाई | २१ मे, सकाळी ११:५०

मग बघा. खनिज तेल एका अंशाला साधारण ०.०००७ पट फुगतं-आकसतं. उन्हात तापलेलं धातूचं सिलिंडर ५५ अंशांवर असेल, पहाटे ३० वर आलं. २५ अंशांचा फरक, म्हणजे १.७५ टक्के. पिस्टनखाली ३० सेंमी तेलाचा स्तंभ धरला तर ५.२५ मिमी. तुमचं इंजिन बसलं नाही, थंड झालं.

खात्री करायची तर रात्री दहा-अकराला टेप लावा, सगळं गार झाल्यावर, आणि पहाटे मोजा.

जेसीबीवाले काका | २१ मे, दुपारी १२:०५

२२ वर्षं मी हे पाच मिलिमीटर सीलच्या नावावर खपवत आलो.

बंदरावरचा बाबल | २१ मे, दुपारी १२:३०

मालवणात दिवस-रात्रीत एवढा फरक पडत नाही, मला कधी सुचलंच नसतं. बाईंना नमस्कार.

वैनगंगाकाठचा | २३ मे, सकाळी ६:३५

रात्री अकराला टेप, पहाटे साडेपाचला मोजलं. एक मिमी, तोही धड नाही.

दांडा हार्ड क्रोमला देणार आहे, पण जुलैत. आत्ता पिंजऱ्यात मासळी आहे, बोट परवा पाण्यात जायलाच हवी. तोवर इंजिनाखाली जुन्या टॉवेलचा तुकडा बांधतोय, म्हणजे पाझरलेलं तेल पाण्यात जाणार नाही, आणि दर आठवड्याला सिरिंजने पातळी बघतो. त्या मेकॅनिकला फोन करून एवढंच सांगितलं की युनिट नको. कारण त्याने विचारलं नाही.

गल्ली नंबर चार | २३ मे, सकाळी ६:५८

पावडर आणून दिली का पोरीला?

वैनगंगाकाठचा | २३ मे, सकाळी ७:०१

दोन डबे. एक तिचा, एक माझा.